पोपटाची मोसंबी, बिया काढून

आजाऱ्याला भेटायला जाताना हात हलवत जायचं नाही, ही आमच्या चाळीची शिस्त. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, मयताच्या घरी पिठलं-भात आणि आजाऱ्याला मोसंबी. संत्रं नाही. संत्र्याने खोकला होतो असं सगळ्यांचं ठाम मत होतं. मोसंबी मात्र कशालाही चालते. ताप असो, कावीळ असो, गिरणीत बोट चेचलेलं असो, मोसंबी. ती चालेल का असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मी लग्न होऊन डिलाईल रोडवर आले तेव्हा त्या दहा बाय बाराच्या खोलीत चार जीव होते. सासूबाई, मामंजी म्हणजे माझे सासरे, माझा नवरा आणि एक पोपट. पोपटाला नाव नव्हतं. पोपट म्हटलं की सगळ्या चाळीला कळायचं कोणता ते. तो मामंजींनी पिल्लू असताना विकत आणला आणि स्वतःच्या हाताने भिजवलेली चण्याची डाळ भरवून मोठा केला. पोरांना कधी कडेवर घेतलं नाही या माणसाने, पण पोपटाला मिरची देताना देठ काढून द्यायचे, असं सासूबाई मला सांगायच्या. सांगताना त्या हसायच्या नाहीत.

मामंजी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते. साच्यांच्या खडखडाटात आयुष्यभर ओरडून बोललेला माणूस, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज तीन खोल्या पलीकडे जायचा. पहाटे भोंग्याच्या आधी उठून ते एकच वाक्य म्हणायचे, "गो, चाय टाक." बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती, 'गो' एवढंच नाव. पोपटाने ते वाक्य उचललं, आणि तेही अगदी त्यांच्या आवाजात, घशातल्या खरखरीसकट. पुष्कळदा मामंजींच्या आधी पोपटच बोलायचा. सासूबाई दोघांनाही एकच उत्तर द्यायच्या, "टाकतंय."

आता माझं सांगते. मी त्या घरात दोन वर्षं नांदत होते आणि मामंजींशी थेट एक वाक्य बोलले नव्हते. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही. त्यांना जेवायला वाढायचं असलं की मी सासूबाईंना म्हणायची, "आई, पान वाढलंय." मामंजी हातभर अंतरावर बसलेले असत. ते सासूबाईंना म्हणत, "तिका सांग, भात कमी घाल." मग सासूबाई मला सांगत, "भात कमी घाल गो." मला सगळं ऐकू आलेलं असायचं. मला हा प्रकार खुळचट वाटायचा, पण वाटून काय करणार? माहेरी माझ्या आईनेही तेच केलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती त्या थंडीत मामंजी खात्यातच कोसळले. अर्धांग. उजवा हात आणि उजवा पाय गेला आणि वाचा गेली. इस्पितळातून त्यांना पंधरा दिवसांनी घरी आणलं तेव्हा ते फक्त डाव्या डोळ्याने रडत होते, उजवा नुसताच पाझरत होता. डॉक्टर म्हणाले, बोलतील किंवा नाही बोलणार, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीत त्यांचा आवाज घुमला. "गो, चाय टाक." सासूबाई अंथरुणावर उठून बसल्या आणि खाटेकडे बघत राहिल्या. मामंजी जागे होते, तोंड मिटलेलं होतं. आवाज पिंजऱ्यातून आला होता. सासूबाईंनी स्टो पेटवला आणि पंप मारता मारता म्हणाल्या, "टाकतंय." त्या दिवशी मला कळलं की या घरात मामंजींचा आवाज आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे आणि तो पोपटाच्या पोटात आहे.

पिंजरा गॅलरीतून आत आणून खाटेच्या उशाशी टांगला. तेवढीच सोबत. भेटायला माणसं येऊ लागली आणि मोसंब्या येऊ लागल्या. खात्यातले, गावचे, भायखळ्याचे नातेवाईक, प्रत्येकाच्या हातात कागदाची पिशवी. हरताळाच्या दिवशी गिरण्या बंद, म्हणजे माणसांना वेळ, म्हणजे मोसंब्या दुप्पट. खाटेखालची टोपली भरली, मग तांदळाच्या डब्यावर रांग लागली. मामंजींना रस गिळवता गिळवेना, अर्धा उशीवर सांडायचा. आजाऱ्यासाठी आलेल्या फळाला आम्ही तोंड लावणं बरं दिसत नव्हतं. मग उरलं कोण? पोपट.

सगळ्यांनीच दिली. येणारा माणूस मामंजींशी काय बोलणार? समोरून उत्तर नाही. मग तो पोपटाशी बोलायचा. मोसंबी सोलायची, फोड गजातून आत सरकवायची आणि म्हणायचं, "बोल, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." पोपट फोड घ्यायचा आणि गप्प बसायचा. अख्ख्या चाळीने मेहनत घेतली, पण ती घोषणा त्याने शेवटपर्यंत तोंडातून काढली नाही.

आठ-दहा दिवसांत पिंजऱ्याखालच्या वर्तमानपत्रावर शिटेऐवजी नुसतं पाणी दिसायला लागलं. पोपट पिसं फुलवून दांडीवर बसायचा, डोळे अर्धे मिटलेले. पहाटेचं वाक्य एक दिवस आलं नाही, मग दोन दिवस आलं नाही. सासूबाई मात्र त्याच वेळेला उठायच्या आणि पिंजऱ्यापुढे बसून राहायच्या. चहा मग उशिरा व्हायचा.

आता यावर आम्ही उपाय काय केला? जो आम्हीच करू शकतो तो केला. पोपट आजारी पडला म्हणून त्याला मोसंबीचा रस पाजला. साखर घालून, चमच्याने, दिवसातून तीनदा. सासूबाईंनी त्याची मान धरली आणि मी चमचा धरला, म्हणजे पापात माझाही वाटा आहे.

पुढच्या आठवड्यात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी पोपटाचं सांगते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कोण कशाला भेटायला येतंय? चौथ्या दिवशी घरातली शेवटची मोसंबी संपली. पोपटाला भिजवलेली डाळ आणि चिमूटभर भात, कारण दुसरं काही नव्हतंच. पाचव्या दिवशी वर्तमानपत्र जवळजवळ कोरडं. सातव्या दिवशी त्याने पिसं साफ केली आणि दुपारी एकदा भोंग्यासारखी शीळ घातली. सासूबाईंचा चेहरा उजळला. मग कर्फ्यू उठला, माणसं आली, पिशव्या आल्या आणि दोन दिवसांत पोपट पुन्हा पिसं फुलवून बसला.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण एवढा हिशेब कळायला शाळा लागत नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मोसंबीने होतंय."

"तुका काय कळता?" त्या म्हणाल्या. "आजारी माणसाक काय देतत? मोसंबीच मां? मोसंबीन कोणी मेलोहा?"

मोसंबीने मेलेला माणूस खरंच मी बघितला नव्हता. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो दुसऱ्या पाळीहून दमून आला होता. म्हणाला, "परळला जनावरांचा दवाखाना आहे, घेऊन जा. आईला मी सांगतो." त्याने सांगितलं की नाही कोण जाणे. सकाळी मी पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकलं आणि चालत निघाले. सोबत पिंजऱ्याखालचं वर्तमानपत्रही घडी करून घेतलं, डॉक्टरांना दाखवायला.

दवाखान्यात माझ्यापुढे एक व्हिक्टोरिया गाडीचा घोडा होता आणि एक शेळी. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी आधी वर्तमानपत्र उलगडून बघितलं, मग पोपट हातात घेऊन त्याची छाती चाचपली. म्हणाले, "खायला काय देता?"

मी सांगितलं. रसाचंही, साखरेसकट.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, मोसंबी काही विष नाही. पण हा केवढा आणि मोसंबी केवढी? तुम्ही दिवसाला दोन कलिंगडं खाल्लीत तर तुमचं काय होईल? अति तिथे माती." मग एकेक सांगत गेले. आधी आठ दिवस फळ पूर्ण बंद. मऊ भात, डाळ, स्वच्छ पाणी, आणि वाऱ्यापासून आडोसा. बरा झाला की आठवड्यातून दोनदा एक फोड, जास्त नाही. साल काढून, वरची पांढरी जाळी काढून आणि बिया सगळ्या काढून. एकही राहता कामा नये. साखर नाही, रस नाही, लिंबू तर अजिबात नाही. खाऊन उरलेली फोड पिंजऱ्यात ठेवायची नाही, ती आंबते. "आणि घरात कोण कोण देतं? सगळ्यांना सांगा. एकाने जरी दिलं तरी हा वाचायचा नाही."

मी घरी येऊन सगळं सांगितलं, खाटेकडे पाठ करून, सासूबाईंना. त्या कुरकुरल्या, पण डॉक्टरचा शब्द म्हटल्यावर मान्य केलं. येणाऱ्यांना दारातच सांगू लागल्या, पोपटाक नको हां. चार दिवस झाले, पोपट तसाच. उलट आता दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसायला लागला. पाचव्या दिवशी मी कागद बदलत होते, तर त्यावर एक बी. चघळलेली, मोसंबीची.

सासूबाई देत नव्हत्या. नवरा घरात असायचाच कुठे? मी देत नव्हते. राहिलं कोण हे कळायला वेळ लागला नाही. पण कळल्यावर मी तशीच बसून राहिले, कारण ते मला कळायला नको होतं.

त्या दुपारी सासूबाई खाली नळावर गेल्या. मी मुद्दाम गॅलरीत जाऊन तांदूळ निवडायला बसले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. मामंजींनी डावा हात खाटेखाली घातला, चाचपत मोसंबी काढली, दातांनी साल फाडली. एक फोड सुटी करायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग ती बियांसकट गजातून आत धरली. पोपट तळाशी बसलेला, मान उचलवत नव्हती, पण त्यांचा हात बघून तो सरपटत आला. मामंजींचं तोंड उघडलं. जीभ हलत होती. त्यांना ते वाक्य हवं होतं. स्वतःचंच वाक्य, परत ऐकायला.

मी आत गेले. डोक्यावरचा पदर सारखा केला, तेवढं भान होतं.

"मामंजी, तुम्ही त्याला मारताय."

दोन वर्षांत मी त्यांना बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यांचा हात तिथेच थांबला. मी थांबायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही. एकदा तोंड उघडलं की झाकण बसत नाही. मी म्हटलं, "तुमचा आवाज त्याच्यापाशी आहे. तो मेला तर आईंनी पहाटे कोणाचं ऐकून उठायचं? तुम्हाला तो बोलायला हवाय, आम्हाला पण हवाय. पण तुम्ही त्याला देताय ते त्याच्या मरणाचं देताय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळी ताकद लावून ती मोसंबी माझ्या अंगावर फेकली. डावा हात, नेम चुकला. मोसंबी दारातून बाहेर गेली, गॅलरीतून घरंगळत जिन्यावरून खाली. थोड्या वेळाने तळमजल्यावरची बाई ती घेऊन वर आली आणि म्हणाली, "तुमची मोसंबी पडली वाटतं." मी घेतली. मामंजींनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

सासूबाईंना कळलंच. शेजारणी कशासाठी असतात? "सासऱ्याच्या तोंडाक लागलंस?" एवढं एकच वाक्य त्या बोलल्या आणि नंतर माझ्याशी बोलणं बंद. मामंजींनी दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. सासूबाई भरवायला गेल्या तर ते दात आवळून घ्यायचे. मला वाटलं, पोपट वाचवता वाचवता मी माणूस मारते की काय. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. रोज मोरीत तोंड धुताना रडून घ्यायची. नवरा गॅलरीत हळूच म्हणाला, "बरं केलंस." घरात म्हणायची त्याची छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी मामंजींनी भात खाल्ला. पोपटाचा कागद कोरडा होत आला. तो दांडीवर चढला. आठ दिवस भरले, मग आणखी चार मी जास्तीचे जाऊ दिले, कारण माझा कोणावर विश्वास राहिला नव्हता.

एका दुपारी मामंजींनी खाटेच्या लाकडावर बोटं वाजवली. मी वळून बघितलं. त्यांनी डावा तळहात माझ्यापुढे धरला होता. तळहातावर मोसंबीची एक फोड, सोललेली, चेंदामेंदा झालेली. शेजारी चादरीवर तीन बिया ओळीने मांडलेल्या. दातांनी काढल्या होत्या. ते माझ्याकडे बघत होते, पोर पाटी दाखवतं तसे. मी फोड उचलून उजेडात धरली आणि म्हटलं, "अजून एक राहिलीय."

त्यांनी फोड परत मागितली आणि ती चौथी बी काढली.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा आम्ही दोघं बसायचो. ते सोलायचे, जाळी ओरबाडायचे, बिया ताटलीत टाकायचे. मी तपासायची. सुरुवातीला अर्धा तास लागायचा, मग कमी लागायला लागला. फोड पोपटाला द्यायची ती त्यांनीच, आणि उरलेली मोसंबी आता आम्ही सगळे खायचो, बरं दिसो न दिसो. सासूबाई हे कोपऱ्यातून बघायच्या. माझ्याशी बोलणं त्यांनी अजून सुरू केलं नव्हतं, पण मामंजींना काही सांगायचं असलं की मला सांगायच्या. "त्यांका विचार, कूस बदलूची हा काय." मी विचारायची. सगळी उलटी गंगा.

पोपट पूर्ण बरा झाला आणि एक दिवस बोलला. काय बोलला? "अजून एक राहिलीय." माझ्या आवाजात, माझ्या ठसक्यात. मामंजींचा डावा गाल हसला, पोट हललं. सासूबाई हसल्या नाहीत. त्या पिंजऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मेल्या, ह्यांचो आवाज टाकून हिचो घेतलंस?" आणि तिथेच खाली बसल्या. मला त्या घरात कधी नव्हतं इतकं अपराधी वाटलं. जीव वाचला होता, पण ज्यासाठी वाचवला ते गेलं होतं. तरी त्या पहाटे उठायच्या. भोंग्याच्या आधी, पिंजऱ्यापुढे, हात गुडघ्यांवर. ते वाक्य आलं नाही. पोपट नंतर बारा वर्षं जगला आणि ते वाक्य पुन्हा कधी बोलला नाही.

उन्हाळा लागत होता. फोडीचा दिवस होता आणि त्या दिवशी मामंजी लवकर उठले होते, म्हणून आम्ही सकाळीच बसलो. बाहेर नुकतं फटफटलं होतं. फोड तपासून झाली, पोपटाने ती पायात धरली आणि चोच आत खुपसली. सासूबाई नेहमीसारख्या पिंजऱ्यापुढे, खाटेकडे पाठ करून.

"गो."

आम्ही दोघींनी पोपटाकडे बघितलं. त्याची चोच फोडीत होती, गळ्यावर रस ओघळत होता.

"गो. चा." मग जड, फाटका, ओळखू न येणारा आवाज, "टा."

मी मामंजींकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि बियांची ताटली मांडीवरून कलंडली होती. सासूबाई वळल्या नाहीत. त्यांची पाठ तशीच होती, फक्त पदर तोंडाशी गेला. मग त्या म्हणाल्या, "टाकतंय."

त्या उठून स्टोपाशी गेल्या. काडी तिसऱ्या खेपेला पेटली. त्यांनी पाण्यात साखर घातली, चहा घातला आणि मग पुन्हा साखर घातली. मी बघितलं आणि काही बोलले नाही. त्या घरात तोवर माझं पुष्कळ बोलून झालं होतं.